लाइट गेल्यावर वरचं पाणी कुठे जातं? ‘संप-पंपाच्या सहा युक्त्या’ या मेसेजला उत्तर

‘अॅक्वेरियमला संप लावताय? या सहा युक्त्या माहीत नसतील तर पैसे बुडाले’ असा एक मेसेज हल्ली इंदूरच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. संप म्हणजे टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या जाळीतून खाली तिच्यात उतरतं, तिथे साफ होतं आणि पंप ते परत वर चढवतो. मी तो मेसेज वाचून सोडून दिला होता. मग तोच मेसेज लोकमान्य नगरातल्या माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, पंपाची अर्थिंगची पिन काढून टाकली, आता आरसीसीबी पडत नाही. बरोबर केलं ना?’ आरसीसीबी म्हणजे करंटची गळती झाली की आपोआप लाइन तोडणारा, म्हणजे ‘पडणारा’ स्विच. अजिबात बरोबर केलं नाही. त्याची आठ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी त्याच टाकीत हात घालून माशांना खायला देते.

मेसेजमधल्या युक्त्या थोडक्यात अशा. एक, पंप मोठ्यात मोठा घ्या, टाकीचं पाणी तासाला दहा वेळा फिरलंच पाहिजे. दोन, पंपाच्या पाइपवर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा आणि संप बिनधास्त काठोकाठ भरा. तीन, आरसीसीबी पडत असेल तर अर्थिंग काढा; मासे मजेत फिरताहेत म्हणजे पाण्यात करंट नाही. चार, रात्री पंप बंद ठेवून वीज वाचवा. पाच, कूलरचा पंप लावा, स्वस्तात काम होतं. सहा, पंपापुढे व्हॉल्व्ह लावून पाणी कमी करू नका, पंप जळतो.

सुरुवात तिसऱ्यापासून करतो. बाकीच्या पाचांतल्या बहुतेकांनी फरशी ओली होईल, फार तर मासे मरतील. हिच्याने माणूस मरू शकतो.

काचेची टाकी, तिच्याखाली फोम, खाली लाकडी स्टँड. म्हणजे टाकीतल्या पाण्याला जमिनीकडे जायला वाटच नाही. पंपाच्या वायरला चीर पडली किंवा आतलं सील गेलं की पाणी २३० व्होल्टवर येऊ शकतं आणि तरी करंट कुठे वाहत नाही, कारण वाट नाही. मासा पूर्णपणे त्याच पाण्यात असतो, त्याच्या डोक्यात आणि शेपटीत व्होल्टेजचा फरक पडत नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, त्याचंही कारण हेच. मासे मजेत आहेत यावरून पाण्याबद्दल काहीच कळत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने त्या पाण्यात हात घातला की मात्र वाट तयार होते, आणि ती त्याच्या अंगातून जाते.

आरसीसीबी करतो काय? फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या लहानशा अंशात लाइन तोडतो. अर्थिंग शाबूत असेल तर गळती सुरू होताच करंट त्या वाटेने निघतो आणि आरसीसीबी पडतो, जवळ कुणी नसताना. पिन काढली की तो कुणाचा तरी हात पाण्यात जाईपर्यंत थांबतो. म्हणून आरसीसीबी ‘उगाच’ पडतोय असं म्हणणाऱ्यांनी आधी टाकीचे सगळे प्लग काढावेत आणि हीटर, पंप, यूव्ही दिवा, लाइट एकेक करून लावून बघावं. ज्याच्यावर पडेल ते उपकरण फेकून द्यायचं. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

यातलं अर्धसत्य कबूल करतो. बरेच छोटे पंप कंपनीकडूनच दोन पिनांचे येतात. ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात आणि त्यांना अर्थिंग नसतं. पण त्यामुळे तीन पिनांच्या पंपाची पिन काढायची मुभा मिळत नाही. उलट दोन पिनांच्या पंपाला आरसीसीबीचाच काय तो आधार, तेव्हा तो हवाच. घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५. त्यात मत्स्यटाक्या आणि बागेतल्या तळ्यांच्या उपकरणांसाठी २-५५ हा वेगळा भाग आहे. पंप सीलबंद असतो म्हणून काही बघायला नको, असं असतं तर हा भाग लिहायची गरजच पडली नसती. चांगल्या पंपाच्या खोक्यातली पुस्तिका उघडा. पाण्यात हात घालण्याआधी टाकीतल्या सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, ही सूचना तिथे ठळक छापलेली असते. मेसेज लिहिणाऱ्याने ती वाचलेली दिसत नाही. आणखी एक, वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर घ्या. म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटात न जाता खालीच ठिबकतं.

आता दुसरी युक्ती, एनआरव्ही आणि काठोकाठ संप. हिच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ही वाचून लोक खरंच संप भरतात. इंदुरात मे-जूनमध्ये वळीव आला की लाइट जाते, हे मेसेजवाल्याला माहीत नसेल असं नाही. पंप बंद पडला की दोन गोष्टी होतात. ओव्हरफ्लोच्या जाळीच्या दातांवर असलेलं पाणी खाली उतरतं. आणि वर चढवणारा रिटर्न पाइप उलटा सायफन होऊन टाकीतलं पाणी ओढायला लागतो, त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत.

हिशेब करा. टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर असेल तर उंचीच्या दर सेंटिमीटरला ५.४ लिटर पाणी. रिटर्नचं तोंड पाण्याखाली १५ सेंटिमीटर ठेवलं असेल तर ८१ लिटर खाली येणार. खालचा संप ९० बाय ४० चा असेल तर त्यात दर सेंटिमीटरला ३.६ लिटर मावतात. म्हणजे संपची पातळी साडेबावीस सेंटिमीटर चढणार. तुम्ही वर पाच सेंटिमीटर जागा ठेवली असेल तर त्यात १८ लिटर मावतील आणि ६३ लिटर दिवाणखान्यात येतील.

आणि हे सगळं कशावर अडून आहे? एका रबरी पडद्यावर. त्याच्यात गोगलगाईचं शिंपलं अडकतं, शेवाळ अडकतं, आणि आपल्याकडच्या बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा थर तर ठरलेलाच. पडदा जरासा उघडा राहिला की सायफन चालूच राहतो, आणि हे कळतं ते लाइट गेल्यावरच. काहीजण नळाच्या कामातला स्प्रिंगचा पितळी एनआरव्ही आणून लावतात. अॅक्वेरियमच्या पंपाचा बराचसा जोर ती स्प्रिंग ढकलण्यातच जातो, आणि पितळेतून पाण्यात उतरणारं तांबं झिंग्यांना मारतं. प्लास्टिकचा पडद्याचा एनआरव्ही जास्तीची खबरदारी म्हणून लावायचा तर लावा. पण हिशेब तो नाहीच असं धरून करा.

उपाय फुकटचा आहे. रिटर्नचं तोंड पाण्याखाली दोन सेंटिमीटरच ठेवा. वरच्या आकड्यांत मग जेमतेम ११ लिटर आणि पाइपांतलं थोडं पाणी एवढंच खाली येतं, संप चारेक सेंटिमीटर चढतो. तोंड खोल ठेवायचंच असेल तर पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला चार मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोक शेवाळाने बुजतं, टाकी साफ करताना काडी घाला. मग पंप चालू असताना स्वतः प्लग काढा आणि पाणी उतरायचं थांबेपर्यंत संपसमोर बसा. काठापासून चार बोटं जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर संपमधून पाणी काढा. मग पंप पुन्हा चालू करा, पातळी स्थिरावू द्या आणि काचेवर मार्करने रेघ मारा. चालू पंपात पाणी त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही.

संप भरून ठेवावासा वाटतो त्यालाही कारण आहे, ते मान्य. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनाने पंपाच्या कप्प्यातलं पाणी बघता बघता उतरतं आणि पंप हवा ओढायला लागतो. त्यासाठी रोज वरून पाणी घाला, नाहीतर छोट्या डब्याला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, पातळी उतरली की तो आपोआप पाणी सोडतो.

उलटंही होऊ शकतं, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. ओव्हरफ्लोच्या जाळीत पान अडकलं तर पंप आपल्या कप्प्यातलं सगळं पाणी वर नेऊन टाकतो. तेवढं पाणी मावेल इतकी जागा वरच्या टाकीतही मोकळी हवी.

आता बाकीच्या चार युक्त्या. तासाला दहा वेळा पाणी फिरवण्याची गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीला काही गरज नाही, तीन ते पाच वेळा पुष्कळ झालं. खोक्यावर तासाला ३००० लिटर आणि तीन मीटर लिहिलेलं असतं तेव्हा ३००० हा आकडा पाणी शून्य उंचीवर चढवतानाचा असतो, आणि तीन मीटरवर धार शून्य. तुम्हाला पाणी एक-सव्वा मीटर उंच चढवायचं असेल तर खोक्यावरच्या ग्राफमध्ये त्या उंचीला किती लिटर मिळतं ते बघून पंप घ्या. आणि ओव्हरफ्लोचा पाइप तेवढं पाणी खाली नेतो का, तेही बघा. पंप त्याहून जोरदार असला तर टाकी वरून वाहते.

सहावी युक्ती चुकीची आहे, पण तिच्यात थोडं तथ्य आहे. पंपाच्या पुढे बॉल व्हॉल्व्ह लावून धार कमी केली तर अॅक्वेरियमचा पंप जळत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पंप चालू ठेवला तर तापतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला मात्र अडथळा कधीच नको.

रात्री पंप बंद ठेवणं माशांच्या जिवावर बेतणारं आहे. संपमधल्या बायो मीडियातले (जिवाणू वाढावेत म्हणून ठेवलेल्या तुकड्यांवरचे) जिवाणू माशांच्या मूत्र-विष्ठेतला अमोनिया पचवतात आणि त्यांना सतत ऑक्सिजनचं पाणी लागतं. पाणी रात्रभर साचून राहिलं की ते मरायला लागतात आणि सकाळी तेच पाणी वर चढतं. वरच्या झाडांनाही अंधारात ऑक्सिजन लागतोच. ३५ वॅटचा पंप रोज आठ तास बंद ठेवून महिन्याला साडेआठ युनिटही वाचत नाहीत. सात रुपयांनी धरलं तरी साठ रुपयांच्या आत.

राहिला कूलरचा पंप. गोड्या पाण्यात तो चालतो, हे खरं. काही महिने ठीकही चालेल. पण तो उन्हाळ्यात काही तास चालण्यासाठी असतो, वर्षभर न थांबता नाही. त्याचे स्क्रू गंजतात, वायरीच्या तोंडाशी सील फुटतं, आणि कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. सतत चालण्यासाठी बनलेला, सिरॅमिक शाफ्टचा, इम्पेलर (आतला पंखा) हाताने काढून धुता येईल असा अॅक्वेरियमचाच पंप घ्या, आणि वायर कुठेही जोड न देता सॉकेटपर्यंत पोहोचते ना, ते दुकानातच मोजून बघा.