सिंगापूरमध्ये घोड्यांवर बेटिंग बंद झालेली नाही

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की 'सिंगापूरने जुगार म्हणून घोड्यांच्या शर्यतींवर बंदी घातली'. अर्धीच गोष्ट आहे ही. शर्यती बंद झाल्या हे खरंय, क्रांजीच्या रेसकोर्सवर 5 ऑक्टोबर 2024 ला शेवटची रेस झाली, पण कारण जुगार नव्हतं, जागा होती. साधारण 120 हेक्टर जमीन सरकारला परत हवीय, मेन म्हणजे घरांसाठी, आणि शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबला ती मार्च 2027 पर्यंत द्यायचीय. तसंही तिथे कोण जात होतं म्हणा, 2010 ला सरासरी 11 हजार लोक यायचे ते नंतर 2600 वर आले. 1842 पासूनची परंपरा वगैरे असली तरी स्टँड रिकामेच.

आणि बेटिंग? ते चालूच आहे ना! सिंगापूर पूल्स या तिथल्या सरकारी बेटिंग कंपनीकडे परदेशातल्या शर्यतींवर आजही अधिकृतपणे पैसे लावता येतात. म्हणजे देशात रेसचा घोडा नाही पण घोड्यावर पैसा लावायची सोय आहे. याला बंदी कसली म्हणायची? त्यावरून 'आता मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स पण बंद करा' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा, तिथे 120 एकर पार्कसाठी घेतायत पण रेसचा ट्रॅक ठेवलाय.