रिमोट एजन्सीची संस्कृती टाइमशीटवर ठरते

रिमोट कंपन्यांतील संस्कृतीचा विषय निघाला की गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या हँडबुकचा, म्हणजे कामाच्या नियमपुस्तिकेचा, दाखला हमखास दिला जातो. दोन हजारांहून अधिक पानांचा तो दस्तऐवज कोणालाही वाचता येतो आणि बैठका कशा घ्याव्यात इथपासून वेतन कसे ठरते इथपर्यंत बरेच काही त्यात लिहिलेले आहे. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीचेही उदाहरण दिले जाते; सॅन फ्रान्सिस्कोतील प्रशस्त कार्यालयाकडे फारसे कोणी फिरकत नाही, म्हणून २०१७ मध्ये त्यांनी ते बंद करण्याचा निर्णय घेतला. ही उदाहरणे खरी आहेत, पण एजन्सीत काम करणाऱ्याला ती फारशी उपयोगी पडत नाहीत, असे माझे मत आहे. या कंपन्या मुख्यतः स्वतःचे प्रॉडक्ट विकतात. एजन्सी माणसांचे तास विकते, आणि तिथली संस्कृती या एका गोष्टीतून जितकी घडते तितकी कोणत्याही हँडबुकातून घडत नाही.

नाशिकमध्ये घरी बसून अमेरिकी ग्राहकांच्या वेबसाइट करणाऱ्या ज्या एजन्सीत मी पूर्वी होतो, तिथे दिवसाचा प्रत्येक पाव तास टाइमशीटमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदीत, कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर टाकावा लागे. बिलेबल, म्हणजे ग्राहकाच्या बिलात लावता येणारे, तास ठरलेल्या टक्क्यांखाली गेले की आठवड्याअखेर मॅनेजरचा अतिशय सौजन्यपूर्ण मेसेज येई. यात वरकरणी गैर काही नाही. ग्राहक तासाचे पैसे मोजतो, तेव्हा त्याला हिशोब मिळायलाच हवा. प्रश्न उरतो तो ज्या कामाला ग्राहकच नाही त्याचा. नवी आलेली मुलगी गिट या प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या गुंत्यात अडकली, तर कार्यालयात शेजारचा सहकारी खुर्ची सरकवून पाच मिनिटांत तिला दाखवून देतो आणि त्या पाच मिनिटांची नोंद कुठेही होत नाही. रिमोट कामात त्याच मदतीसाठी मेसेज, कॉल, स्क्रीन शेअर असे करत अर्धा तास जातो, आणि तो टाइमशीटवर कुठे लिहायचा हे कोणीच सांगत नाही. मग शिकवणारा तो वेळ स्वतःच्या रात्रीतून काढतो, किंवा हळूहळू शिकवणेच सोडून देतो. शिकणारीलाही हे उमगते. ती विचारायचे थांबते, एकटीच तीन तास झुंजते, त्यातले दोन नोंदवत नाही, आणि महिन्याच्या अहवालात तिचा वेग उत्तम दिसतो. मुळातच अपुरे असलेले एस्टिमेट, म्हणजे कामाला लागणाऱ्या तासांचा अंदाज, पुरले, असा सेल्सवाल्यांचा समज होतो आणि पुढच्या ग्राहकाला त्याहूनही कमी तास सांगितले जातात.

फ्रीलान्स कामे मिळवून देणाऱ्या अपवर्क या वेबसाइटवर तासाच्या कामात दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एक स्क्रीनशॉट टिपला जातो, त्याबद्दल पुष्कळ नाराजी व्यक्त होते. मला ती पद्धत त्यामानाने प्रामाणिक वाटते. निदान अविश्वास उघड असतो.

वेळेचे गणितही असेच एकतर्फी असते. न्यूयॉर्कची सकाळी अकराची बैठक तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की ती साडेनऊला जाते. बैठक हलली, असे त्यांच्या कॅलेंडरवर दिसतही नाही. कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारे राइट टू डिस्कनेक्ट विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले; पण ते सरकारचे नव्हे तर खासगी सदस्याचे विधेयक होते आणि ते पुढे सरकले नाही. ते कायदा झाले असते, तरी आमच्यापैकी किती जण त्यात बसले असते याची मला शंका आहे, कारण भारतात नोंदणी नसलेल्या परदेशी एजन्सीच्या करारात आम्ही बहुधा कर्मचारी नसून कॉन्ट्रॅक्टर असतो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा नाही. दर शुक्रवारच्या ऑनलाइन गप्पांत मात्र आपण सारे एक कुटुंब असतो.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्यांना मी सांगतो, की सुट्ट्या आणि लॅपटॉप यांच्या आधी एकच विचारा: नव्या माणसाला शिकवण्याचे तास टाइमशीटवर कोणत्या कोडवर, म्हणजे कोणत्या खात्यावर, टाकायचे? माझ्या सध्याच्या एजन्सीत त्यासाठी स्वतंत्र कोड आहे आणि ते तास महिन्याच्या टार्गेटमध्ये धरले जातात. त्यामुळे आमचे एस्टिमेट महाग पडते आणि काही कामे हातची जातात, हे मालकांनी सर्वांच्या बैठकीत स्वतःहून सांगितले आहे.