आमच्या घराण्यात असलं काही नाही

फॅमिली ग्रुपवर परवा परत तेच. चुलतभावाच्या मुलीला दर तीन-चार आठवड्यांनी ताप येतो, पोटात दुखतं, दोन दिवसांत आपोआप उतरतो आणि दरवेळी अँटिबायोटिकचा कोर्स. मी लिहिलं, एकदा रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवात आणि अशा वारंवार येणाऱ्या तापाच्या डॉक्टरला दाखवा, आनुवंशिकही असू शकतं, कदाचित काही नसेलही. तर काकांचा रिप्लाय, "आमच्या घराण्यात असलं काही नाही, जेनेटिक वगैरे बोलू नकोस, उद्या पोरीचं लग्न जमायचंय." पोरगी सात वर्षांची आहे! वर आणखी एकाचं, तुला बर्लिनमध्ये बसून बोलायला काय जातंय, इथे डेंग्यूला बेड मिळत नाही आणि सरकार दुर्मिळ रोगांवर ५० लाख उधळतंय.

आमच्या खालच्या मजल्यावर तुर्की कुटुंब आहे, त्यांच्या मुलाला एफएमएफ आहे, फॅमिलियल मेडिटरेनियन फिवर, घराण्यातून येणारा तापाचा आजार. ताप, पोटात असह्य कळा, एक ते तीन दिवसांत सगळं शांत. अपेंडिक्स समजून ऑपरेशन झालेली माणसं त्यांच्या नात्यात आहेत. त्याची आई जिन्यात उभी राहून सरळ सांगते, सासऱ्यांनाही होता, त्यातच किडन्या गेल्या. मुलगा रोज कोल्चिसिन घेतो, गाउट नावाच्या सांधेदुखीवरची जुनी स्वस्त गोळी, १९७२ पासून या आजारावर माहीत असलेली, आणि शनिवारी फुटबॉल खेळतो. याचा जीन १९९७ मध्ये सापडला, पण किंडरआर्ट्स्टला, म्हणजे इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरला, संशय आला तो घरात कोणाला काय झालं होतं हे विचारल्यावर, आणि आईने न लाजता सांगितल्यावर. उबरवाइजुंग, म्हणजे तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी, त्याच दिवशी मिळाली.

हा आजार आपल्याकडे कमी, मान्य. पण डाडा-टू (DADA2) हा घराण्यातून येणारा आजार आहे ना, ज्यात ताप येतो, अंगावर जाळीसारखे डाग उठतात आणि लहान मुलांना चक्क स्ट्रोक येतो. २०१४ मध्ये ओळखला गेला, आणि भारतातल्या पेशंटमध्ये अग्रवाल कुटुंबं बरीच निघाली. पिढ्यान्पिढ्या समाजातल्या समाजात लग्नं झाली की असं होतं, आणि मामाची मुलगी करणारे आपण तरी कुठे वेगळे आहोत? वेळेत ओळखला तर अ‍ॅडालिमुमॅबसारख्या औषधाने स्ट्रोक टळतात, ते औषध आता भारतातही बनतं. राहिले ५० लाख. ती केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातली एका पेशंटमागची कमाल मर्यादा आहे, ठराविक आजारांसाठी, केईएमसारख्या नेमलेल्या सेंटरमधूनच. आजाराचं नावच माहीत नसेल तर कुठल्या दारात जाणार? आणि सुरुवात काही लाखांपासून होत नाही, ताप असताना आणि नसताना सीआरपी करायचा, अंगातला दाह दाखवणारी रक्ताची तपासणी, काहीशे रुपयांत होतो.

इथे डॉक्टरकडे फॉर्म भरताना घरच्यांचे आजार विचारतात आणि मी दरवेळी रेघ मारते. आत्या तरुणपणीच गेली, सारखा ताप यायचा, मग पायांना सूज, एवढंच माझ्या कानावर आहे. आई हयात असताना विचारलं तर विषय बदलायची. आता तर मला बारशाचे, लग्नाचे फोटो येतात, आजारपण मात्र माणूस बरा झाल्यावर कळतं, "तू लांब, उगाच काळजी नको." याचा त्रास होतो मला. लांब असले म्हणून रक्त काही वेगळं झालं नाही, माझीही मुलं आहेत.

वहिनी, तू वाचत असशील तर तापाच्या तारखा वहीत लिहून ठेव, पुरळ आलं तर लगेच फोटो काढ. आणि डॉक्टरांनी विचारलं घरात कोणाला होतं का, तर आत्याचं सांग.