वाट दाखवायचे किती?

नोव्हेंबरात तीन दिवस रतनवाडी ते पाचनई चालून आले. फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये दोनच प्रश्न येतायत. कुठल्या ग्रुपबरोबर गेलीस आणि किती घेतात? ग्रुपचं नाव सांगणार नाही. पोरं चांगली होती, आणि मला जे खुपलंय ते त्या एकाच ग्रुपचं नाही. किती घेतात ते मात्र सांगते, कारण ही सगळी पोस्ट त्यावरच आहे. माणशी ६,५०० रुपये.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकोले तालुका. भंडारदऱ्याचं पाणी जिथं संपतं तिथं रतनवाडी. तिथून कात्राबाईची खिंड चढून पलीकडे उतरलं की कुमशेत, तिथं पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मुळा नदी ओलांडून पेठेच्या वाडीवरून पाचनई. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड करून परत. गडवाले लोक हा पट्टा रतनगडापासून सुरू करतात. आमच्या जाहिरातीत रतनगड गाळून 'गावागावांतून निवांत पदभ्रमण' असं लिहिलं होतं, आणि माझ्या बावन्न वर्षांच्या गुडघ्यांना 'निवांत' हा शब्द फार आवडला. (निवांत कसलं डोंबलाचं! खिंडीच्या चढावर मी दोनदा बूड टेकलं आणि नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो बिचारा पुण्यात झोपला होता.)

सकाळी साडेसहाला बस अमृतेश्वराच्या देवळापाशी थांबली तेव्हा पुष्करणीच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, पायात रबरी बूट, कमरेच्या आकडीत कोयता. लीडर म्हणाला, "हे आपले लोकल मामा." झाली ओळख. मग लीडरनं देवळाची माहिती सांगितली, आणि छान सांगितली. शिलाहार राजा झंझ यानं नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली असं मानतात, त्यातलं हे प्रवरेचं. आम्ही माना डोलावल्या, कोनाड्यातल्या विष्णूंचे फोटो काढले. मामांना कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही. मामा कुमशेतचे, म्हणजे आम्हाला घ्यायला ते आदल्या संध्याकाळी तीच खिंड एकट्यानं उतरून आले होते आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर झोपले होते, हे मला दुपारी चालता चालता कळलं.

आता तो प्रसंग सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं डोक्यात सुरू झालं.

खिंडीच्या बऱ्याच अलीकडे एका ओढ्यापाशी वाट फुटते. लीडरच्या मोबाईलवरची निळी रेघ सरळ कड्याखालून जात होती. मामा मात्र उजवीकडे कारवीत शिरले. लीडर म्हणाला, "मामा, ट्रॅक इकडून आहे." मामा मागे वळलेसुद्धा नाहीत. "हाये. पण तिकडं आग्या बसलंय. परवाच आलंय." आणि मग वळले, नाक वर करून एकदा वास घेतला, आणि आमच्यातली जी बसमधून उतरताना परफ्यूम मारून आली होती तिला ओढ्यावर मान आणि हात खसाखसा धुवायला लावले. पाऊण तास जास्त चाललो. करवंदीच्या जाळ्यांनी हात ओरबाडले, दोघांनी कुरकुर केली, एकानं तर "मामा उगाच फिरवतायत" असंही म्हणून घेतलं. वर पोचल्यावर मामांनी मुकाट्यानं समोर बोट केलं. काळ्या कातळाच्या पोटाला चार पोळी लोंबत होती, प्रत्येक परातीएवढं, आणि त्यातल्या एकावरून काहीतरी झुळझुळत गेल्यासारखं दिसत होतं. त्या आग्या माश्या होत्या, वासानंही चवताळणाऱ्या. आग्या मोहोळ उठलं की काय होतं ते ज्यांनी एखाद्या गडावर पाहिलंय त्यांना मी सांगायला नको. बरोबर त्याच्याखालून आमची निळी रेघ जात होती.

मामांना कसं कळलं? "पोरगं गुरं घेऊन जातं ना तिकडं."

म्हणजे बघा. ती रेघ कुणीतरी कधीकाळी चालून इंटरनेटवर टाकलेली. मामांची माहिती दोन दिवसांपूर्वीची, घरातली, आणि चौदा माणसांचा जीव वाचवण्याइतकी पक्की. तिला आपण 'लोकल मामा' म्हणतो आणि लीडरला 'लीडर'. लीडरबद्दल माझा राग नाही, माझ्या अंगठ्याला फोड आला तेव्हा त्यानंच पट्टी बांधली. पण त्या सकाळी आम्हाला नेत कोण होतं?

हे वाटांचं ज्ञान काय चीज आहे ते इंग्रजांनी चांगलं ओळखलं होतं. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. त्यांच्या मागावर फौजा या डोंगरांत वर्षानुवर्षं फिरल्या. शेवटी राघोजी सापडले ते पंढरपुरात, आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. खिंडीत बसून भेळ खाताना मी मामांना त्यांच्याबद्दल विचारलं, तर मामा नुसतं हसले आणि हातानं सगळा डोंगर दाखवला, इथून तिथपर्यंत.

कुमशेतला जेवण मामांच्याच घरी होतं. त्यांची सून चुलीपाशी नागलीच्या भाकऱ्या करत होती. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ती उकळतं पाणी घालून उलथन्यानं पीठ ढवळायची आणि ते निवायची वाट न बघता तळहातानं मळायला घ्यायची. बोटांची टोकं लालबुंद. थापताना कड फाटली की ओल्या करंगळीनं बंद करून पुढे. मी हौसेनं एक थापली, ती तव्यावर पडायच्या आधीच दोन तालुक्यांत विभागली गेली. बरोबर हुलग्याचं पिठलं आणि खुरासणीची चटणी. अशी चटणी पुण्यात मिळत नाही, कुणी म्हणालं मिळते तर विश्वास ठेवू नका.

भाकरी उलटता उलटता तिनं विचारलं, "ताई, तुमच्याकडून इथं यायचं किती घेतात?"

आमच्यातली एक पटकन म्हणाली, "दीड-दोन हजार." कुणी काही बोललं नाही. मी खाली मान घालून माझी फाटलेली भाकरी जोडत बसले. खोटं ती बोलली, पण गप्प बसायला आम्हा तेरा जणांपैकी कुणालाही अडचण आली नाही. साडेसहा हजार हा आकडा त्या चुलीपुढे तोंडातून निघाला नसता, आणि का निघाला नसता हे आम्हाला सगळ्यांना बरोबर माहीत होतं.

मी बँकेत अठ्ठावीस वर्षं काढलीत, आकडे सुटत नाहीत. चौदा जणांचे ९१,००० झाले. पाचनईला मामांना बाजूला घेऊन सरळ विचारलं. दिवसाचे ७००, तीन दिवसांचे २,१००. आदल्या संध्याकाळची खिंड हिशोबात नाही. पाचनईहून घरी परत चालत जाणं हिशोबात नाही. दोन मुक्कामांचं चौदा जणांचं जेवणखाण धरलं तरी त्या डोंगरात राहिले ते दहा हजारांच्या आत. गाडीचा खर्च असतो, लीडरचा पगार असतो, जाहिरात असते, मला कळतं. फुकट कुणी करू नये. पण ज्या दोन गोष्टी विकल्या, म्हणजे गाव आणि वाट, त्यांच्या मालकांच्या हातात नवव्या हिश्श्याइतकं पडतं हे जरा चमत्कारिक नाही का?

मामा म्हणाले ते असं: "नारायणगावला कांद्या-टमाट्याला गेलं तर जास्त मिळतं. पर घर सोडावं लागतं." भात झोडून झालं की वाडीतली निम्मी माणसं जातात. पाऊस इथं इतका की शेजारच्या घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. खाली १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण, त्याच्या कालव्यांवर संगमनेर-श्रीरामपूरकडचे ऊस उभे. आणि वर एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन झरे शोधत फिरतात. हे मी पाहिलेलं नाही, मी गेले तेव्हा ओढे वाहत होते. सुनेनं सांगितलं, भाकरी करता करता, तक्रारीचा सूर न लावता.

अजून एक. दुसऱ्या दिवशी एका वाडीत आमच्यातला एक जण खट्टू झाला, कारण घरांवर पत्रे होते, एकावर तर स्लॅब. "गाव ऑथेंटिक वाटत नाही." त्याला कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली भिंत हवी होती, जाहिरातीत होती तशी. मामांनी शांतपणे सांगितलं की कुड दर पावसाळ्यानंतर नव्यानं लिंपावा लागतो, आणि कारवी तोडायला गेलं तर फॉरेस्टवाले विचारतात. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. शिवाय घरकुल मंजूर झालेल्या माणसानं आपल्या फोटोसाठी कुडात का राहावं? आपण आपलं बिऱ्हाड वाड्यातून फ्लॅटमध्ये हलवलं तेव्हा कुणाला विचारलं होतं? (हे मी त्याला बोलले. नंतर तो माझ्याशी हरिश्चंद्रगडापर्यंत बोलला नाही. गडाचं काय लिहू, शनिवार होता, कोकणकड्यावर जत्रा होती.)

मला माहीत आहे आता कॉमेंटमध्ये काय येणार. पहिलं, "जीपीएस असताना वाटाड्या कशाला?" त्याचं उत्तर वर कड्याला लोंबतंय. दुसरं, "गाववाल्यांना पैशाची सवय लावू नका, गावं बिघडतात." हे वाक्य बोलणारी माणसं सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीची बक्षिसी देतानाही असंच बोलतात. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला गाड्यांच्या रांगा लागतात, तो पैसा पाण्याकाठी ज्यांची जागा आहे त्यांच्याकडे जातो. गाव बिघडायचं तेवढं त्या हेडलाइटांनी बिघडतंच, मग एका वाटाड्याला दीड हजार दिल्यानं काय आणखी बिघडणार आहे?

बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यासारख्यांच्या डोक्यात उजेड पडला की कुठलं वाण कुठल्या रानात येतं हे माहीत असणं म्हणजे विद्या आहे. कुठला ओढा कधी आटतो, कुठल्या कड्यावर माश्या बसल्यात, कोकणात कुठल्या नाळेनं उतरलं तर म्हातारं माणूसही जाईल, हे माहीत असणंही तेच. नेपाळनं २०२३ पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाईड बंधनकारक केला. त्यावर बरीच बोंबाबोंब झाली. मला सक्ती आवडत नाही, पण तिथं निदान ते काम म्हणून मोजलं जातं. आपल्याकडे 'मामा आहेतच' म्हणतात.

म्हणून आता मी पैसे भरायच्या आधी फोनवर विचारते, वाटाड्या कुठल्या गावचा आणि त्याला रोज किती देता. पहिलं सगळे सांगतात. दुसऱ्याला तीनपैकी दोन जणांनी "मॅडम, ते आमचं इंटर्नल असतं" असं सांगितलं. तिसऱ्यानं आकडा सांगितला, मग मी घासाघीस केली. वरच्या दिशेनं. तो गोंधळला, पण कबूल झाला.

आणि मामांचा नंबर मी घेऊन आले आहे. इथं टाकणार नाही, त्यांना विचारलेलं नाही. तो तसाही सहजासहजी लागत नाही. संध्याकाळी सातनंतर ते शाळेमागच्या मोठ्या दगडावर चढले तरच रेंज येते. काल चौथ्यांदा लावला तेव्हा लागला. फेब्रुवारीत पाथरा घाटानं खाली डेहण्यात उतरायचं ठरतंय, आम्ही चौघीच, ग्रुप नाही. दिवसाला किती घ्याल विचारलं तर म्हणाले, "काय द्याल ते." मी म्हटलं, असं नाही, तुम्ही सांगा. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, "सांगतो इचारून." आणि दगडावरून उतरले बहुतेक, फोन कट झाला.