‘मानवाधिकारवाले गुन्हेगारांचेच’? मग सोसायटीच्या टाकीत कोण उतरतं?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मानवाधिकार संघटना गुन्हेगारांचीच वकिली करतात, परदेशी पैशावर जगतात, साध्या माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

पहिला आरोप घ्या. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या दर 4 कैद्यांपैकी 3 कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. अटकेचा मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा, हे सुप्रीम कोर्टाने 1996 साली डी. के. बसू निकालात बजावलं. हे बसू पश्चिम बंगालमधल्या कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेचे कार्याध्यक्ष. 1986 मधल्या त्यांच्या पत्रातून हा खटला उभा राहिला. उद्या पार्किंगच्या भांडणावरून तुमच्या पोराला चौकीवर नेलं, तर हाच निकाल कामाला येईल.

पैशाचं म्हणाल तर परदेशी देणगी घेणं गुन्हा नाही. त्यासाठी एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आहे आणि केंद्रीय गृहखात्याची परवानगी लागते. पीयूसीएल ही मानवाधिकार संघटना तर देशी-परदेशी कुठल्याच फंडिंग एजन्सीकडून पैसे घेत नाही. शाळेत मुलांना शिजवलेलं जेवण द्या, हा 2001 चा कोर्टाचा आदेश तिच्याच याचिकेवरचा.

आता ‘साधा माणूस’. मे 2019 मध्ये ठाण्यातल्याच ढोकाळीच्या एका सोसायटीत सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून अशा बातम्यांत मेलेला सहसा एकटा नसतो.

सफाई कर्मचारी आंदोलन ही संघटना 2003 मध्ये माणसांकडून मैला साफ करून घेण्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली. 2013 मध्ये त्यावर बंदी घालणारा नवा कायदा आला. 2014 च्या निकालाने 1993 पासूनच्या गटार-टाकीतल्या प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला 10 लाख मंजूर केले. 2023 मध्ये कोर्टाने ही रक्कम 30 लाख केली. आणि 2013 च्या कायद्यातली, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायची बंदी फक्त महापालिकेला नाही, ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या ग्रुपवर तो मेसेज टाकणारे कमिटीतलेच. टाकीसफाईच्या कंत्राटावर यंत्राने सफाई असं लिहिलंय का, हे मी त्याच मेसेजखाली विचारलंय. दोन निळ्या टिका आल्यात.