तलावात गप्पी मासे सोडण्यापूर्वी

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘जवळच्या तलावात, नाल्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, डेंगी हटेल, निसर्गालाही अपाय नाही, महापालिकाही हेच करते.’ हेतू चांगला आहे, विधाने मात्र टिकणारी नाहीत.

डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास सहसा तलावात वा नाल्यात वाढत नाही. त्याला फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, टाकून दिलेला टायर किंवा ताडपत्रीच्या खोलगटात साचलेले पाणी पुरते. तिथे मासा कोण सोडणार? असे साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडे आतून घासणे, हाच तिथला उपाय.

महापालिका गप्पी सोडते हे खरे. पण मलेरियाचा ॲनॉफिलीस स्टीफेन्सी डास जिथे वाढतो, त्या विहिरीत किंवा हौदात सोडलेला मासा सहसा तिथेच राहतो. तलावाचे तसे नाही. विहार आणि पवई पावसाळ्यात भरून वाहतात आणि ते पाणी मिठी नदीत जाते, त्यामुळे तलावात सोडलेला मासा तलावापुरता उरत नाही.

‘अपाय नाही’ हे विधान सर्वांत घातक. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्याची मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते आणि नराचे शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे एकटी गाभण मादीसुद्धा नव्या पाण्यात वसाहत उभी करू शकते. पृष्ठभागालगतचा प्राणवायू घेऊन तो सांडपाण्यातही तगतो. नाल्यासाठी त्याची निवड ज्या काटकपणामुळे होते, तोच इथे उलटतो, कारण तो केवळ डासांच्या अळ्याच खातो असे नाही, इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. त्याच गोत्रातला गॅम्बुसिया तर जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परकीय प्रजातींच्या यादीत आहे.

शिवाय अळ्या खाणारे मासे कोकणच्या गोड्या पाण्यात आधीपासूनच आहेत. पट्टेदार पंचॅक्स पृष्ठभागालगत वावरून त्या टिपतो. अशा माशांना हवे असते ते सांडपाण्यापासून मुक्त पाणी आणि काठाची वनस्पती. काँक्रीटने बांधलेल्या काठाचा त्यांना उपयोग नाही.

गप्पी आणलेच असतील, तर ते सोसायटीच्या बंदिस्त हौदात ठेवावेत किंवा मत्स्यालयाच्या दुकानात परत द्यावेत.