गाइडबुक मुरलेलंच घ्यावं

लंडनला चार दिवस निघालात ना? मग व्हिसाच्या आधी गाइडबुक घ्या, आणि तेही रद्दीच्या ढिगातून. लोणचं आणि गाइडबुक मुरलेलंच बरं. 2010ची आवृत्ती पन्नास रुपयांत मिळाली तर सोडू नका. बससाठी सुटे पैसे हाताशी ठेवा, असला सल्ला तिच्यात सापडेल. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणं जुलै 2014मध्येच बंद झालं, हे तुम्हाला ड्रायव्हर सांगेल. मागची रांगही सांगेल, न बोलता.

पुस्तक निवडताना वजन पाहा. बॅगेतून कळण्याचं पीठ आणि उडदाचे पापड काढावे लागले तरी हरकत नाही. ‘लागतील तेवढीच पानं फाडून न्या’ असं पोरगा म्हणेल. त्याला सांगा, पुस्तक म्हणजे सरस्वती. (घरी ते कितीदा उघडलंत, हे तो विचारणार नाही. संस्कार आहेत.)

आता नकाशा. तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं 1931मध्ये काढला, 1933मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला. जमिनीखालच्या माणसाला मैल कळून काय करायचंय, गाडी कुठे बदलायची ते कळलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब. म्हणून त्यानं अंतरं सोडून दिली आणि रेषा आडव्या, उभ्या, तिरप्या ओढल्या. तुम्ही मात्र तो शेताच्या मोजणीचा नकाशा समजा आणि पट्टी लावा. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन तीनशे मीटरही भरत नाही, पण चालायचं नाही. कार्ड टेकवा, जिना उतरा, गाडीची वाट पाहा, दरवाजा लागतो न लागतो तोच उतरा, आणि लिफ्टला गर्दी दिसली म्हणून 193 पायऱ्या चढून वर या. भुसावळला एका फलाटावरून शेजारच्या फलाटावर गाडीनं जाण्यातला प्रकार, पण पौंडांत.

आणि कुणाला विचारू नका हं. जळगावच्या गोलाणी मार्केटात एक दुकान शोधायला चार जणांना विचारता ते वेगळं, तिथे आपला माणूस असतो. परदेशात चौकात नकाशा पूर्ण उघडा, वाऱ्याशी झटा, बायकोला एक कोपरा धरायला लावा. घडी परत जमणार नाही, चुरगाळून बॅगेत कोंबा.

परत आलात की पुस्तक शोकेसमध्ये, पितळी समईच्या शेजारी. धुळ्याचे साडू पुढच्या वर्षी जाणार आहेत, त्यांनी आत्ताच मागून ठेवलंय.